शिवमूर्तीच्या पावलाचं माप

उदगीरच्या स्टँडमागून सुटणारी जीप माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही, आणि वैशाखातल्या उन्हात माणसं मिळत नाहीत. जगदेवी गावात उतरली तेव्हा बारा वाजून गेले होते. हातात कापडी पिशवी. पिशवीत तांदूळ, तुरीची डाळ, गुळाचा खडा आणि एक नारळ. मठातल्या स्वामींकडं कोणी रिकाम्या हातानं जात नाही. काम तसं चार शब्दांचं होतं. उद्या सकाळी नऊला मसणवट्यात या, एवढंच सांगायचं. पण तेवढंच सांगायला ती तिसऱ्यांदा चालली होती. पहिल्यांदा स्वामींनी अंग दुखतंय म्हणून दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा दार उघडलंच नाही. आतून कडी वाजली आणि थांबली.

आता ही जगदेवी कोण, ते सांगायला हवं. ह्याच गावातल्या गौरम्माची थोरली लेक, मुदखेडला दिलेली. नवऱ्याचं तिथं स्टेशनसमोर भांड्यांचं दुकान. अंगानं किरकोळ, बोलणं खालच्या आवाजात, आणि गेल्या वर्षभरात तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. शेजारच्या बायका म्हणायच्या, रड बाई एकदा, आत साचलं की वाईट. पण तिच्या आत साचलेलं रडू नव्हतं. तो राग होता, आणि राग काही डोळ्यांवाटे वाहून जात नाही.

शिवमूर्ती तिचा धाकटा भाऊ. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. चौतीस वर्षांचा, सोयरीक जुळत आलेली. त्यांच्या भावकीची एक सामाईक विहीर आहे, पाण्याच्या पाळ्या आजोबांच्या काळापासून ठरलेल्या. आप्पासाहेब म्हणजे नात्यानं चुलता आणि गावातला वजनदार माणूस. त्यानं त्या विहिरीत गुपचूप दुसरी मोटार सोडली होती. शिवमूर्तीनं ती चार माणसांदेखत उचकटून वर काढली आणि आप्पासाहेबाच्या बांधावर नेऊन ठेवली. वर हसत म्हणाला, "काका, तुमची मोटार वाट चुकली होती." लोकही हसले. आठ दिवसांनी शिवमूर्ती त्याच विहिरीत तरंगताना सापडला.

पहाटे लाइट आली, मोटार चालू करायला गेला, पाय घसरला. ठाण्यातल्या जमादारानं अर्ध्या तासात लिहून टाकलं. तपासणीला तालुक्याला नेऊन आणलं तेही गेल्यापावली. मग आईनं, गौरम्मानं, लेकाला शेवटची आंघोळ घातली. केस धुताना तिची बोटं डोक्याच्या मागं गेली आणि थांबली. तिथं भोक होतं. रुपयाएवढं, गोल, कडा आत वळलेल्या. ती म्हातारी ओरडली नाही. जगदेवी मुदखेडहून धापा टाकत पोचली तेव्हा तिनं फक्त लेकीचं मनगट धरलं आणि कानात म्हणाली, "मागं हात लाव, जगू." पण तोवर डोक्याला पटका गुंडाळला होता, आणि आप्पासाहेब पुढं होऊन म्हणत होता, "बायकांनी मागं व्हा. दिवस कलून राहिलाय."

गावातल्या लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत, आडवं पुरतही नाहीत. खोल खड्डा घेतात, त्याच्या एका भिंतीत कोनाडा कोरतात आणि माणसाला त्यात मांडी घालून बसवतात, उत्तरेला तोंड करून, तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवून. समाधीच्या खड्ड्याला जेसीबी लावत नाहीत. हातानं खणायचं. खाली कडक मुरूम, त्यामुळे सहा-सात तास कुठं गेले नाहीत. म्हणजे दहा वाजता सापडलेल्या शिवमूर्तीची माती दुसऱ्या दिवसावर जायला हवी होती. पण ती त्याच दिवशी ऊन असतानाच झाली, कारण खड्डा तयारच होता. त्याच सकाळी वस्तीवरचा गुरुबसप्पा तात्या गेला अशी खबर आली होती. त्याच्यासाठी खणायला सुरुवात झाली होती, आणि मग कळलं की तात्या खाटेवर बसून पान खातोय. गावात अजून हा विनोद चालतो. तात्यालाच लोक विचारतात, तुमची जागा पोरानं घेतली, आता तुम्ही कुठं जाणार. तात्या म्हणतो, मला काय घाई हाय.

ह्या विनोदावर जगदेवी कधी हसली नाही, पण तिला त्यात काही खटकलंही नव्हतं. तेव्हा तिचं सगळं लक्ष त्या भोकाकडं होतं. वर्षभर ती ते भोक सांगत फिरली. ठाणं, तालुका, लातूर, पुन्हा ठाणं. कोणी म्हणालं, बाई, विहिरीत पडल्यावर डोकं फुटणारच. कोणी म्हणालं, म्हाताऱ्या माणसाच्या बोटांचा काय भरवसा. एकानं तर चहाचा घोट घेत विचारलं, भावाच्या वाट्याची जमीन आता कोणाला जाणार हो. त्या दिवशी तिनं त्याच्या टेबलावर दोन्ही तळहात टेकले आणि म्हणाली, "साहेब, तुमाला भाऊ हाय का?" बाकी काही नाही. पण कागद हलला. समाधी उघडून, नांदेडहून डॉक्टर आणून पुन्हा तपासणी करायचा हुकूम निघाला. उद्याची तारीख.

आणि आता भावकी अडून बसली होती. स्वामींनी येऊन पूजा केल्याशिवाय समाधीला कुदळ लावू देणार नाही. आप्पासाहेबानं सह्यांचा अर्जही तयार ठेवला होता. स्वामी आले नाहीत तर गोंधळ होणार, गोंधळ झाला की साहेब तारीख पुढं ढकलणार, आणि पुढं ढकललेली तारीख कुठं जाते ते जगदेवीला वर्षभरात पाठ झालं होतं.

सिद्धेश्वर स्वामींचं घर गावाच्या टोकाला, मठाला लागून. त्यांना सगळे अय्या म्हणतात. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुत्री गटारीच्या ओलीला पोट लावून पडली होती. उन्हाचा एक आवाज असतो, कानात बारीक किणकिण करणारा, तो सोडून दुसरा आवाज नव्हता. जगदेवीनं कडी वाजवली. ह्या वेळी दार लगेच उघडलं. दारात स्वामींची सून, स्वप्नाली. डोळे सुजलेले, जागरणाचे.

"या अक्का," ती हळूच म्हणाली. "मी म्हनलं त्यांला, आता लपवू नका. कुटवर लपवायचं…"

"काय लपवू नका?"

स्वप्नालीनं आत नजर टाकली. पिशवी घेतली आणि बाजूला झाली.

आत अंधार होता. खिडक्यांना गोणपाटं लावलेली. डोळे सरावायच्या आधी जगदेवीच्या नाकाला वास लागला, आणि ती उंबऱ्यातच थबकली. विभूतीचा, कापराचा वास मठाच्या घरात असणारच. पण त्याखाली दुसरा वास होता. शेवाळाचा. जुन्या विहिरीत उतरताना पायऱ्यांवर येतो तो थंडगार, हिरवा वास. बाहेर भुई भाजत होती, गावातल्या हापशाला महिनाभर पाणी नव्हतं, आणि ह्या घराला विहिरीचा वास येत होता.

स्वामी भिंतीला टेकून खुर्चीवर बसले होते. उजवा पाय उशांच्या ढिगावर ठेवलेला. वर्षभरात माणूस निम्मा झाला होता. गाव म्हणायचं वात धरलाय, गुडघा गेलाय, म्हणून लंगडतात.

"शरणार्थी, अय्या."

"शरणार्थी." त्यांनी चटईकडं हात केला. "बस, बाळ."

"बसायला आले न्हाई. उद्या नऊला या, एवढं सांगायला आले. नसता हो-न्हाई ते तोंडावर सांगा. दार लावून घेऊ नका."

"मला चालता येत न्हाई, लेकी."

"गाडी पाठवते."

"गाडीचं न्हाई ते." त्यांनी सुनेकडं पाहिलं. "स्वप्नाली, ती खिडकी उघड."

स्वप्नालीनं गोणपाट सारलं. उन्हाचा एक पट्टा सरळ फरशीवर पडला. स्वामींनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रेटले, डावा पाय खाली ठेवला आणि उभे राहिले. मग उजवा पाय उशांवरून सोडला.

तो जमिनीला टेकला नाही.

जगदेवीला आधी वाटलं, पाय आखडलाय. तिनं नीट पाहिलं. गुडघा सरळ होता. पाऊल सपाट होतं, बोटं पसरलेली, अंगाचा भार टाकल्यावर पसरतात तशी. स्वामी त्या पायावर उभे होते. आणि पावलाच्या खाली, तळवा आणि फरशी ह्यांच्यामध्ये, वीतभर मोकळी जागा होती. उन्हाचा पट्टा त्या जागेतून आरपार पलीकडच्या फरशीवर गेला होता.

"आधी दोन बोटं होतं," स्वामी म्हणाले. आवाज अगदी बारीक. "मग चार. वर्षाचा दिवस जवळ आला तसं… वर यायलंय."

"काय वर यायलंय?"

 स्वप्नाली तोंडाला पदर लावून चुलीकडं वळली होती.

जगदेवी घाबरली नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल. तिच्या मानेवर काटा उभा राहिला होता. पण वर्षभर दारादारांतून परत आलेल्या बाईची भीतीसुद्धा थोडी झिजलेली असते. ती खाली बसली. तिनं हात लांब केला आणि त्या मोकळ्या जागेत घातला.

हाताला केस लागले.

ओले. दाट. मधोमध भोवरा. दिसत काहीच नव्हतं. तिचा स्वतःचा हात, बांगड्या, फरशीवरची तिच्या हाताची सावली, सगळं लख्ख दिसत होतं. आणि बोटं केसांत होती. लहानपणी ह्याच डोक्याला तिनं दर आदितवारी तेल चोळलं होतं. भोवरा तिच्या बोटांनी ओळखला. मग बोटं आपोआप मागं सरकली, आई म्हणाली होती तिथं, आणि मधलं बोट एका गोल, गार भोकात पेरभर आत गेलं.

तिनं हात ओढून घेतला. बोटं कोरडी होती.

 मग जगदेवी बसल्या जागेवरून, वर न बघता म्हणाली, "तुमाला ठावं होतं."

"हाव."

"पहिल्यापासून."

"आपली रीत तुला म्हायती हाय. गेलेल्याच्या डोक्यावर अय्याचा पाय ठेवायचा, मग त्याला वाट मिळते. मी ठेवला. पटक्यावरनं ठेवला." स्वामींनी उजव्या पायाकडं पाहिलं. "अन् टाच… टाच आत गेली, बाळ. पिकल्या फळात जावी तशी. तवापासनं जिथं पाय ठेवीन तिथं तो हाय. देवघरात, मोरीत. झोपलो तरी तळव्याला लागून असतो."

"अन् तुमी गप बसलाव."

"आप्पासाहेब वर उभे होते. माझ्याकडंच बघत होते."

"वरीसभर, अय्या?" तिचा आवाज वाढला नाही, पण स्वप्नालीच्या हातातली वाटी खाली पडली. "मी कुठं कुठं पाया पडले. माझ्या आईच्या बोटांला लोक खोटं म्हनले. अन् तुमाला पायानं कळलेलं. देवाचा पाय म्हणून आमी तुमचं तीर्थ पितो. थू असल्या पायावर."

"म्हण. अजून म्हण." स्वामी पुन्हा खुर्चीत कोसळले. "पण ते भोक एवढंच न्हाई. खरं पाप वेगळंच हाय. खड्ड्याचं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. समाधीचा खड्डा टेपानं मोजत नाहीत. गेलेल्या माणसाच्या उजव्या पावलाचं माप घेतात, ज्वारीच्या धाटाचा तुकडा तेवढा मोडतात, आणि त्या धाटानं नऊ वेळा मोजून खड्ड्याची लांबी आखतात. हे काम फक्त अय्याचं. त्या सकाळी सहालाच आप्पासाहेब मोटारसायकलवर आला. हातात मोडलेलं धाट. म्हणाला, गुरुबसप्पा तात्या गेले, हे माप, तुमी आखून द्या, माझे गडी खणतील. स्वामींनी आखून दिलं. आखतानाच त्यांना वाटलं, धाट लांब आहे. गुरुबसप्पा बुटका माणूस, पोरासारखं पाऊल. पण मोठ्या माणसाला विचारायचं कसं. दहाला विहिरीवर बोंब उठली. दुपारी शिवमूर्तीला ओसरीवर बसवलं, तेव्हा स्वामींनी कोणाचं लक्ष नाही असं बघून ते धाट त्याच्या तळव्याला लावलं.

"सुताचा फरक न्हवता," स्वामी म्हणाले.

जगदेवीला हे उमगायला एक क्षण लागला.  तात्याची खबर चुकून आलेली नव्हतीच. दहा वाजता सापडायच्या माणसाच्या पायाचं माप सहा वाजता मोडून तयार होतं. मारलं, खाली आडवं केलं, पायाला धाट लावून मोडलं, आणि मग विहिरीत ढकललं. माती त्याच दिवशी उरकावी, मुदखेड-नांदेडचे पाहुणे जमून कोणी पटका सोडू नये, म्हणून. आणि खड्डा मात्र रीतीनं व्हावा, नऊ पावलांचा, त्यातही कसूर नको. पापी माणसाचा धर्म असा असतो. जीव घेताना हात कापत नाही, माप चुकवायला कापतो.

"ते धाट?"

स्वामींनी वर आढ्याकडं बोट दाखवलं. वाशाला कापडात गुंडाळून खोचलेलं होतं. "मोडून टाकायचं धाडस झालं न्हाई."

जगदेवी उठली. पदर सारखा केला. "उद्या नऊला," ती म्हणाली. "पूजेच्या आधी हे बोलायचं. सगळ्यांदेखत. न्हाई बोललाव तर माझा भाऊ तुमच्या पायाखालनं हटनार न्हाई, अन् मीबी त्याला हट म्हणनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मसणवट्यात जत्रेएवढी माणसं. आप्पासाहेब आधीच हजर. त्यानं पदरच्या खर्चानं कापडी मांडव घातला होता, थंड पाण्याचे जार आणवले होते, आणि साहेबांना स्वतःच्या हातानं पेला देत होता. उंच, रुंद अंग, पांढरे कपडे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पायांत करकरती चप्पल. नायब तहसीलदार, फौजदार, नांदेडच्या डॉक्टर बाई, दोन खणणारे. गौरम्मा एका लिंबाखाली बसली होती, पदराखाली काहीतरी धरून.

आप्पासाहेब जगदेवीजवळ आला. मऊ आवाजात, लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कामून असं करायलीस, अक्का? वरीस झालं. पोराला आता तरी सुखानं बसू दे."

"बसलेलाच हाय तो, काका," ती म्हणाली. "तुमीच तर घाई करून बसवलाव."

स्वामी आले. सुनेच्या खांद्यावर हात, उजवा पाय उंच, जणू प्रत्येक पावलाला एक अदृश्य पायरी चढत होते. लोकांनी वात म्हणून हळहळ केली. मल्लिनाथ नावाचा भावकीतला पोक्त माणूस पूजेचं ताट घेऊन पुढं झाला. स्वामींनी ताट बाजूला केलं.

"आधी माझं लिहून घ्या," ते नायब तहसीलदारांना म्हणाले.

आणि बोलले. सगळं बोलले. सहा वाजताची मोटारसायकल, धाट, तात्या, टाच. 

आप्पासाहेब हसला. "म्हातारपण हाय, साहेब. वाताची गोळी डोक्यात गेली."

स्वामींनी कापड सोडलं. धाट वर धरलं. "तात्या, हिकडं या. पाय दाखवा."

"माझा पाय कामून?" गर्दीतून गुरुबसप्पा म्हणाला. पण आला, आणि खोकत खोकत उजवा पाय पुढं केला. धाट त्या पावलापेक्षा दोन बोटं लांब होतं. कोणी हसलं नाही. मग गौरम्मा उठली. पदराखालून तिनं शिवमूर्तीची जुनी चप्पल काढली. टाचेचा आणि अंगठ्याचा ठसा चामड्यावर काळा उमटलेला. स्वामींनी धाट त्यावर ठेवलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत.  म्हातारी आप्पासाहेबाकडं बघत राहिली.

आणि तेव्हा स्वप्नालीनं सासऱ्याचा हात सोडला. स्वामींचा उजवा पाय हळूहळू खाली येत होता. वीत, चार बोटं, दोन. तापलेल्या मातीला तळवा टेकला. स्वामींच्या तोंडून चटका बसल्यासारखा आवाज निघाला आणि ते भर उन्हात, त्याच मातीवर बसून लेकरासारखे रडले.

फौजदारांनी आप्पासाहेबाला जागेवरून हलू नका म्हणून सांगितलं. एक शिपाई त्याच्या मागं उभा केला. मग कुदळ लागली.

दहा वाजले, अकरा वाजले. खड्ड्याची लांबी उघडी झाली तेव्हा साहेबांनी टेप लावायला सांगितला. सात फूट साडेदहा इंच. धाट साडेदहा इंचांचं. नायब तहसीलदारांनी दोनदा गुणाकार केला आणि लिहिलं.

बाराच्या सुमाराला दक्षिणेच्या भिंतीतला कोनाडा उघडला. शिवमूर्ती बसलेला होता. मीठ-विभूतीनं आणि कोरड्या मुरुमानं अंग वाळून चामड्यासारखं झालेलं, पण मांडी तशीच, मान तशीच ताठ, डाव्या तळहातावर कापडात बांधलेलं लिंग. जगदेवी काठावर होती. तिला कोणी मागं हो म्हणालं नाही. डॉक्टर बाई शिडीनं उतरल्या, पटका सोडला, बराच वेळ बघितलं.

"मागून मारलंय," त्या वर बघून स्पष्ट म्हणाल्या. "गोल तोंडाच्या हत्यारानं, एकच घाव. पडून असं होत नाही. लिहा."

लिहा. ह्या एका शब्दासाठी जगदेवीनं वर्ष घालवलं होतं. तिला वाटलं होतं, हा शब्द ऐकला की आतलं काहीतरी सुटेल. सुटलं नाही. राग होता तिथंच होता.

तेवढ्यात खालून खणणाऱ्याचा आवाज आला. "सायेब… हिकडंबी पोकळ लागून राहिलंय."

तो उत्तरेच्या भिंतीशी उभा होता. शिवमूर्तीच्या बरोबर समोर. त्यानं कुदळीचं टोक लावलं तशी मातीची पातळ पापडी गळून पडली. मागं दुसरा कोनाडा होता. पहिल्याएवढाच खोल, पण उंचीला जास्त, रुंदीलाही जास्त. आतल्या भिंती लाल, गुळगुळीत, हातानं लिंपल्यासारख्या. तळाला विभूतीची रास. राशीवर बेलाचं एक पान, तीन दळांचं, हिरवंगार.

"मी एकच आखला होता," स्वामी पुटपुटले.

खणणाऱ्यांतला थोरला कपाळाला हात लावून म्हणाला, "गेल्या वर्षीबी आमीच खणला होता, सायेब. ही भित कोरी होती. आईची आन."

कोणाचंच आप्पासाहेबाकडं लक्ष नव्हतं. शिपायाचंही नाही. तो कधी पुढं आला, कळलं नाही. खड्ड्याच्या अगदी काठावर उभा होता, अनवाणी. करकरती चप्पल मागं मांडवात राहिली होती. तो आत बघत होता. बघून बसणारा माणूस जसा आधी खुर्ची बघतो, तसा. मल्लिनाथनं दंड धरून ओढलं तेव्हा तो झोपेतून उठल्यासारखा दचकला आणि त्याचे दात वाजायला लागले. त्या उन्हात.

नायब तहसीलदारांनी रुमालानं मान पुसली. "हे… ह्याचा आपल्या कामाशी संबंध नाही," ते कारकुनाला म्हणाले. "बुजवून टाका. कागदावर नको."

"लिवा," जगदेवी म्हणाली.

"बाई, काय लिहू? काय म्हणून लिहू?"

"समोर दुसरा कोनाडा हाय म्हणून लिवा. अन् जागा रिकामी हाय, असं लिवा."

साहेबांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग खाली मान घालून कारकुनाला खूण केली. पेनाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

खाली डॉक्टर बाई शेवटच्या नोंदी घेत होत्या. शिवमूर्तीचा उजवा हात त्यांनी मांडीवरून उचलला, उलटा केला, आणि तशाच थांबल्या. बोटांच्या टोकांना नखं वाळून लांब झाली होती. त्यांनी ब्रश लावला. ब्रश फिरेना. त्यांनी हातमोजा काढून बोटानं चाचपलं, आपलं बोट उन्हात धरून पाहिलं, आणि वर जगदेवीकडं बघितलं. 

महिनोन्महिने पाऊस नव्हता. नऊ फूट खाली मुरूम हाडासारखा कोरडा होता. आणि त्या पाचही नखांत लाल माती भरली होती, आत्ताच खणून हात थांबवावा तशी, ओली.